पाच पात्यांचा पंखा

पनवेलला मुद्दाम कोणी येत नाही. पनवेलवरून लोक जातात. पुण्याला जातात, महाडला जातात, अलिबागला जातात. गणपतीत तर सारी मुंबईच कोकणात निघते आणि वाटेत आमच्या नाक्यावर चहा पिऊन कप तेवढा आमच्याकडे ठेवून जाते. जुन्या गॅझेटियरात पनवेलचा मोठा धंदा म्हणून बैलगाड्यांची चाके करण्याचा उल्लेख आहे. म्हणजे तेव्हाही इथला कारागीर गावातच बसून राही आणि त्याने केलेले चाक मात्र घाट चढून देशावर जाई. दुसऱ्याच्या प्रवासाची सोय करावी आणि आपण ओटीवर बसून ती पाहावी, हा आमच्या गावाचा जुना स्वभाव आहे.

त्या चाकांच्या गावावर आता विमाने आली आहेत. कर्नाळ्याचा अंगठा आणि प्रबळगडाची भिंत जागच्या जागी आहेत. पण उलव्याची नव्वदएक मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनी फोडून भुईसपाट केली, उलवे नदीला दुसरी वाट दाखवली, आणि तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही अशी दहा गावे उठून दुसरीकडे गेली. माझ्या वर्गात त्या गावांतली मुले आहेत. 'माझे गाव' हा निबंधाचा विषय मी अलीकडे देत नाही. जिथे ती घरे होती तिथे ३,७०० मीटर लांबीची धावपट्टी झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून उतारूंची विमाने सुरू झाली.

पहिले काही आठवडे आमच्या गावाला दुसरे काम नव्हते. विमानाचा आवाज आला की बायका पोळपाट टाकून गच्चीवर, मुले पाटी टाकून गच्चीवर, आणि मीदेखील तपासायचे पेपर टाकून गच्चीवर. सगळ्यांचे फोन आभाळाकडे. घरात एकच मनुष्य खुर्चीवरून उठत नसे, आणि तो म्हणजे ज्याने आयुष्याची पंधरा वर्षे विमानांच्या पोटात हात घालून काढली, ते आमचे अण्णा.

"अहो अण्णा, चला की. केवढं मोठं आहे!" सौ. म्हणे.

"पंखा नाही त्याला काय बघायचं?" अण्णा म्हणत आणि वर्तमानपत्राचे पान उलटत.

प्रोपेलर हा शब्द अण्णांना चांगला येतो, पण ते त्याला पंखाच म्हणतात. या पंख्याची हकीकत सांगण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे.

अण्णा १९५८ साली, अठराव्या वर्षी, घरी न सांगता वायुदलात भरती झाले. वैमानिक होण्याइतके शिक्षण नव्हते आणि तशी ऐटही नव्हती. ते झाले इंजिन फिटर. शिक्षण बंगळूरजवळ जालहळ्ळीला. त्या काळचा एकच फोटो घरात आहे. तीन ओळींत तीसेक पोरे, सगळ्यांच्या माना ताठ, आणि त्यांच्या मागे एका विमानाचे लांबट नाक. नाकाच्या टोकाला पंखा, आणि पंख्याला पाच पाती. विमानाचा नंबर मधल्या रांगेतल्या डोक्यांनी झाकला आहे. लहानपणी आम्ही भावंडे त्या फोटोत अण्णा कुठले हे ओळखण्याचा खेळ खेळत असू. अण्णांना मात्र त्या फोटोत पोरे दिसत नसत, मागचे विमानच दिसे.

ते विमान स्पिटफायर. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या आकाशात गाजलेले. आपल्याकडेही १९४७ च्या काश्मीरच्या लढाईत आपल्या वायुदलाची स्पिटफायर विमाने श्रीनगरहून लढली. पण अण्णा जालहळ्ळीला पोचले तोवर ती निवृत्त झाली होती आणि शिकाऊ पोरांना उघडायला-मिटायला एखाददुसरे ठेवलेले होते. "पिस्टन काढा, मोजा, पुसा, परत बसवा," अण्णा सांगत. "त्याचं इंजिन मी अकरा वेळा सोडलं आणि अकरा वेळा जोडलं. एकदा तरी चालू करा म्हणून मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, हे शिकायचं इंजिन आहे, चालायचं नव्हे."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आणि हसत आलो. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि वर्गात जुन्या पोथ्यांतल्या ओव्यांचे अन्वय लावू लागलो, त्यांची क्रियापदे सोडवून टेबलावर मांडू लागलो, तेव्हापासून मला ते पूर्वीइतके हसू येईनासे झाले.

पुढे अण्णा जोरहाटला डाकोटा विमानांवर होते. ईशान्य सीमेवरच्या डोंगरांत तांदूळ, मीठ, रॉकेल टाकून येणारी ती विमाने. त्यांची इंजिने अण्णांनी रात्री कंदिलाच्या उजेडातही जागी केली, आणि त्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान हळूहळू मंदावले. १९७३ साली ते निवृत्त झाले आणि रसायनीच्या एका कारखान्यात लागले. घर पनवेलला केले. वायुदलातून त्यांनी आणलेल्या वस्तू दोनच : तो फोटो, आणि स्वतःच्या पैशाने घेतलेले पान्यांचे एक पुडके. दर दसऱ्याला देव्हाऱ्यासमोर आमची पुस्तके एका बाजूला आणि अण्णांचे पाने दुसऱ्या बाजूला, अशी पूजा असते. झेंडूचे फूल पहिल्यांदा पान्याला, मग माझ्या प्रबंधाला. मी तक्रार केलेली नाही.

२०१८ च्या एप्रिलात अण्णांना अचानक विशी लागल्यासारखे झाले. वर्तमानपत्रात बातमी होती की एक जुना डाकोटा इंग्लंडात नीट करून घेतला आहे आणि तो आपल्या पंखांनी उडत भारतात येतो आहे. राजीव चंद्रशेखर या खासदारांनी वडिलांच्या स्मरणार्थ तो वायुदलाला भेट दिला होता. त्यांचे वडील वायुदलात डाकोटाचेच वैमानिक. विमानाचे नाव 'परशुराम', आणि शेपटीवर क्रमांक व्हीपी ९०५, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीला घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा. कॉव्हेंट्रीहून निघून फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहरीन, ओमान असे मुक्काम करीत ते २५ एप्रिलला जामनगरला उतरले. अण्णा रोज शाळेच्या नकाशावर टाचणी टोचून ठेवीत. ग्रीसमध्ये एक दिवस जास्त लागतो आहे असे वाटले की म्हणत, "तेल गळत असेल. ते गळायचंच. गळायचं थांबलं तर समजावं, संपलं."

टाचणी जामनगरला टोचली त्या रात्री त्यांनी तो जालहळ्ळीचा फोटो काढला आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "डाकोटा परत आला. हे कुठं असेल?"

मी सहज शोध घेतला, आणि चकित झालो. 'हे' इंग्लंडात होते.

हकीकत अशी. १९७० च्या दशकात ऑर्मंड हेडन-बेली नावाचा एक उत्साही वैमानिक होता. लढाऊ विमाने विकत घ्यावी, दुरुस्त करावी आणि त्यांच्या शर्यती खेळाव्या, हा त्याचा नाद. सी फ्युरी नावाचे आरमाराचे एक जुने लढाऊ विमान नीट करून त्याने ते अमेरिकेत रिनोच्या शर्यतीतही उडवले होते. या माणसाची नजर हिंदुस्थानात ठिकठिकाणी उभ्या असलेल्या स्पिटफायरांवर गेली. १९७७ साली जर्मनीत मस्टंग विमानाच्या अपघातात तो गेला, पण त्याच्या घरच्यांनी व्यवहार पुरा केला आणि १९७८ च्या सुमारास आपल्याकडची काही स्पिटफायर इंग्लंडात पोचली. त्यांतले एमव्ही २९३ क्रमांकाचे, चौदाव्या जातीचे, पाच पात्यांच्या पंख्याचे विमान जालहळ्ळीचे. ते १९९२ साली पुन्हा उडाले. जयपूरहून गेलेले आठव्या जातीचे एक इटलीत दुरुस्त होऊन १९८२ सालीच उडाले होते.

यात आपण विकले म्हणून कोणाला दोष देण्याचे कारण नाही. उलट अण्णांचे म्हणणे असे की मोडीतून विमाने उभी करायला जगाला आपणच शिकवले. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला लिबरेटर नावाची मोठी बॉम्बफेकी विमाने मुद्दाम निकामी करून टाकून दिली होती. १९४८ पासून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसएक विमाने खटपट करून उडती केली, आणि आपल्या वायुदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आज जी लिबरेटर विमाने दिसतात, त्यांतली कित्येक इथून गेलेली आहेत.

केंब्रिजला माझी भाची असते. "मामा, या हो एकदा," असे ती सहा वर्षे म्हणत होती. तिच्या घरापासून डक्सफर्डचे विमानतळ मोटारीने अर्ध्या तासावर आहे, हे कळल्यावर मामांना भाचीची माया एकदम दाटून आली. २०१८ च्या जुलैत मी निघालो. निघताना अण्णांनी दोन सूचना दिल्या. "फोटो काढ. आणि आवाज आण."

"आवाज?"

"त्याचा. मी ऐकला नाही कधी."

त्या उन्हाळ्यात इंग्लंडात पाऊस नव्हता. हिरव्या इंग्लंडाची वर्णने वाचून गेलेल्या मला सगळीकडे चैत्रातल्या पनवेलसारखे पिवळे गवत दिसले, आणि उगाच बरे वाटले. डक्सफर्ड हे १९३८ साली वायुदलाचे पहिले स्पिटफायर ज्या तळावर आले तो तळ. आता तिथे युद्धसंग्रहालय आहे. पण आपण संग्रहालय म्हणताना ज्या काचा आणि 'हात लावू नये' मनात आणतो, तसे ते नाही. तिथली विमाने सकाळी फडकी बाजूला सारून बाहेर काढतात, धुतात, उडवतात आणि संध्याकाळी, गोठ्यात गुरे बांधावी तशी, परत आत लोटतात.

पहिल्या दिवशी भाचीच्या नवऱ्याने मला टायगर मॉथमध्ये बसवले. स्पिटफायरमध्येही दोन आसनांची सोय केलेली विमाने आहेत आणि पैसे भरून त्यांत बसता येते. पण त्यासाठी काही हजार पौंड पडतात हे ऐकल्यावर मी तो विषय साहित्याकडे वळवला. टायगर मॉथ हे शिकाऊ विमान. आपल्या वायुदलाच्या पहिल्या पिढ्या त्यावरच उडायला शिकल्या, आणि आपल्या वायुदलानेही एक टायगर मॉथ नीट करून घेऊन २०१२ च्या वायुदल दिनी हिंडनला उडवले होते. पंखांचा लाकडी सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले कापड. पंखावर हात फिरवला तर टाके लागतात. मला आजीच्या गोधडीची आठवण झाली. गोधडीत बसून आभाळात जायचे!

एका खड्ड्यात मी, दुसऱ्यात वैमानिक. समोर उभ्या असलेल्या पोराने हाताने पंखा फिरवला, इंजिन दोनदा शिंकले आणि तिसऱ्यांदा लागले. तेलाचा बारीक तुषार चष्म्यावर आला. मग गवतावरून हादरे खात गेलो आणि हादरे एकाएकी थांबले. उडालो हे त्यावरूनच कळले. वेग म्हणाल तर खालच्या रस्त्यावरच्या मोटारी आमच्या पुढे जात होत्या. पण मोठ्या विमानात बसून मी सात हजार किलोमीटर आलो होतो त्यात मला उडल्यासारखे एकदाही वाटले नव्हते, आणि इथे पंधरा मिनिटांत पोटातले पाणी वारा कुठून आला ते सांगत होते. खाली उतरलो तेव्हा पाय थरथरत होते. भाची म्हणाली, "मामा, घाबरलात?" मी म्हटले, "थंडी." जुलै महिना होता.

दुसऱ्या दिवशी उड्डाणांचा मोठा कार्यक्रम. सकाळीच मी हँगरात शिरलो. आणि ते होते! लांबट नाक, पाच पाती. अंगावर जेई-जे ही अक्षरे. ती अक्षरे जॉनी जॉन्सन या नामांकित इंग्रज वैमानिकाच्या विमानाची, शोभेसाठी रंगवलेली. पण विमान जालहळ्ळीचे. नाकाची झाकणे काढून बाजूला ठेवलेली, आणि आतले इंजिन उघडे. त्या दिवशी ते उडणार नव्हते. सात हजार किलोमीटर येऊन मी ज्याचा आवाज न्यायचा ते गप्प!

शेजारी निळ्या डगल्यातला एक म्हातारा फडक्याने हात पुसत उभा होता. निवृत्त झालेले असे पुष्कळ लोक तिथे बिनपगारी राबतात. मी त्याला फोटो दाखवला. त्याने चष्मा बदलला, पंख्याची पाती बोटाने मोजली, मग माझ्या तोंडाकडे पाहिले. "जॅलाहॅली?" त्याने विचारले. मी उच्चार सुधारण्याच्या भानगडीत पडलो नाही. त्याने मला दोरीच्या आत घेतले आणि इंजिनापाशी उभे केले.

त्याने जे सांगितले त्यात मला नवे ते एवढे : हे इंजिन मूळचे शर्यतीच्या घराण्यातले. १९२९ आणि १९३१ साली श्नायडर ढालीसाठी समुद्रावरच्या विमानांच्या शर्यती झाल्या, त्या रेजिनाल्ड मिचेल या इंजिनियराच्या विमानांनी जिंकल्या. १९३१ साली सरकारने पैसे द्यायचे नाकारले तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनिक बाईने एक लाख पौंड काढून दिले. ढाल तर मिळालीच, आणि त्याच महिन्यात मिचेलच्या विमानाने ताशी ४०० मैलांची मर्यादा ओलांडली. त्यासाठी रोल्स-रॉइसने केलेले 'आर' इंजिन बारा सिलिंडरांचे, ३६.७ लिटरचे. पुढे मिचेलने स्पिटफायर केले. ते ५ मार्च १९३६ रोजी पहिल्यांदा उडाले आणि पुढच्याच वर्षी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, मिचेल गेला. पहिल्या स्पिटफायरांना मर्लिन नावाचे लहान इंजिन होते. चौदाव्या जातीला बसवले ते ग्रिफन, आणि ग्रिफनच्या सिलिंडरांची मापे त्या शर्यतीच्या इंजिनाचीच. दोन हजारांवर अश्वशक्ती. ती पेलायला चार पाती पुरेनात म्हणून पाच.

शर्यतीतून लढाईत आलेले हे विमान लढाई संपल्यावर पुन्हा शर्यतीत गेले, ही गंमत. १९४९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या शर्यतीत चौदाव्या जातीचे एक स्पिटफायर धावले होते. १९५० साली इंग्लंडात किंग्ज कपच्या शर्यतीत राजकन्या मार्गारेट हिच्या वतीने एक हरिकेन उतरले आणि दुसरे आले. रिनोला तर १९६४ पासून २०२३ पर्यंत मस्टंग, बेअरकॅट, सी फ्युरी यांच्या शर्यती होत. तिथे विमानांचे पंख कापतात, काच लहान करतात, इंजिन मूळच्या दुप्पट जोराने पळवतात. २०११ साली एक मस्टंग प्रेक्षकांजवळ कोसळले आणि वैमानिकासह अकरा माणसे गेली. २०२३ च्या शेवटच्या दिवशीही दोन वैमानिक गेले. शर्यती आता न्यू मेक्सिकोत रॉसवेलला गेल्या आहेत. जुन्या वस्तूवरचे प्रेम ते असे करणाऱ्यांचे खरे की पालमच्या संग्रहालयात स्पिटफायर पुसून ठेवणाऱ्या आपले खरे, हे मी त्या हँगरात उभा राहून ठरवू पाहिले. मला ते जमले नाही. आपल्या वायुदलानेही १९८० च्या दशकात एक स्पिटफायर उडते ठेवले होते, तेव्हा आपणही फार निराळे नाही. पुढे अण्णांना विचारले, तर त्यांनी फिटरच्या भाषेत निकाल दिला : "पळवायचं तर रोज उघडायला हवं. रोज उघडत नसाल तर पळवू नका. आणि पळवायचंच नसेल तर उघडू तरी द्या."

दुपारी कार्यक्रम सुरू झाला. आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी मला कॅमेऱ्याचे चार धडे दिले होते. त्यांतला मुख्य हा की वेगवान वस्तूला शटर वेगवान ठेवा. मी एक हजारांश सेकंद ठेवून सपासप फोटो काढले. भाचीचा नवरा डोकावून म्हणाला, "मामा, यांचं इंजिन बंद पडलंय." खरेच, पंख्याची पाती जागच्या जागी थिजलेली, विमान आता पडते की मग असे वाटावे! पंख्याच्या विमानाला शटर हळू ठेवावे लागते, सव्वाशांश सेकंद किंवा त्याहून कमी, म्हणजे पंख्याचे चक्र दिसते. पण शटर हळू केले की विमानच पुसट येते. त्यावर उपाय एकच : विमानाबरोबर आपणही कंबरेतून वळत राहायचे, त्याच्याच गतीने, आणि वळता वळता बटण दाबायचे. कीर्तनकार जसा टाळ्यांच्या ठेक्यावर वळतो तसे. शेजारी दीड हात लांबीची भिंगे घेतलेले लोक न बोलता तसे वळत होते. मी दोनशे फोटो काढले. चार बरे आले.

आणि मग दुसरे एक ग्रिफनचे स्पिटफायर उडाले. जमिनीवर त्या विमानाला पुढचे काही दिसत नाही, नाक आडवे येते. म्हणून ते डावीउजवीकडे मान वळवत, लाजऱ्या नवरीसारखे, धावपट्टीकडे जाते. तिथे पोचले की लाज संपते. मी फोनवर आवाज टिपायला सुरुवात केली. त्या आवाजाचे वर्णन करावे म्हणून मी मराठीतले बरेच शब्द नंतर लावून पाहिले. गर्जना नव्हे, घरघर नव्हे. लांबून आला तेव्हा तो कानाआधी बरगड्यांना कळला. माझ्यासमोर खांद्यावर नातू घेतलेला एक म्हातारा होता. विमान डोक्यावरून गेले तेव्हा त्याने टोपी काढली आणि नातवाने कान झाकले.

ऑगस्टात परत आलो. फोटो अण्णांनी पाहिले. हँगरातला, झाकणे काढलेल्या इंजिनाचा, त्यांनी दहा मिनिटे पाहिला. "हे आमचंच का, ते कसं सांगणार," म्हणाले. "नंबर पोरांच्या डोक्यामागे गेला." मग आवाज लावला. अण्णांनी यंत्र कानात घातले, काढले, पुन्हा घातले. मान हलवली. नुसती खरखर. डाकोटांनी त्यांच्या कानांत एवढी जागाच शिल्लक ठेवली नव्हती.

त्या क्षणी मला जे वाटले ते लिहीत नाही. चिरंजीवांनी मात्र आतून स्वतःचा गाणी ऐकण्याचा ध्वनिवर्धक आणला, टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला. खिडकीची तावदाने थरथरली. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी "काय झालं हो?" म्हणून ओरडले. अण्णांनी तळहात त्या पेटीवर ठेवला, डॉक्टर पोटावर ठेवतो तसा, आणि डोळे मिटले. आवाज संपल्यावर ते म्हणाले, "परत लाव." मुलाने परत लावला. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडले.

"उलटा फिरतो हा," ते म्हणाले. "मर्लिनचा पंखा एका बाजूला, ग्रिफनचा दुसऱ्या. मर्लिनची सवय असलेला वैमानिक याच्यावर बसला की विमान भलत्याच बाजूला ओढ घेई. मास्तर आम्हाला फळ्यावर काढून दाखवत." मग थोडे थांबून, "चाललं म्हणजे."

त्या दिवसापासून तो आवाज आमच्या घरात काही महिने गाजत होता. शेजाऱ्यांनी फार सोसले.

११ ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट सांगतो आणि थांबतो. दसऱ्याचा आदला दिवस. नव्या विमानतळाच्या धावपट्टीवर पहिले विमान उतरायचे होते, आणि ते उतारूंचे नव्हते, वायुदलाचे होते : सी-२९५. सुखोईही वरून जाणार होते. अण्णा पाने घासायला बसले होते. मी वाचून दाखवले की सी-२९५ ला पंखे आहेत. अण्णांनी हात पुसले.

विमानतळाच्या बाजूला आमच्या त्याच कॅमेरेवाल्या विद्यार्थ्याचे घर आहे. त्याच्या गच्चीवर आम्ही रिक्षाने गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा कठड्याला धरून उभे राहिले. मी शटर हळू लावून तयार. अण्णांनी माझ्या हाताकडे पाहिले.

"काय करतोस?"

"पंख्याचं चक्र दिसावं म्हणून—"

"चक्र नको. पाती मोजता येतील असा काढ."

म्हणजे पुन्हा डक्सफर्डला चुकलो होतो तेच. विद्यार्थ्याने आपले लांब भिंग माझ्या कॅमेऱ्याला लावून दिले आणि शटर दोन हजारांश सेकंदावर नेले. दुपारच्या उन्हात ते करड्या रंगाचे विमान दिसले, खाली खाली आले, आणि जिथे उलव्याची टेकडी होती तिथल्या सपाटीवर टेकले. गच्चीगच्चीवर लोक ओरडत होते. विद्यार्थ्याची आजी, मूळची तरघरची, आमच्या मागे उभी होती. ती काही ओरडली नाही. "आमची भातं होती तितं," एवढेच म्हणाली. अण्णांना ते ऐकू आले नाही. पण ते वळले, त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि का कोण जाणे, हात जोडले.

घरी आल्यावर मी फोटो संगणकावर मोठा केला. इंजिने दोन्ही बंद पडल्यासारखी, पाती थिजलेली. अण्णांनी पान्याच्या टोकाने पडद्यावर एकेक पाते मोजले.

"सहा," ते म्हणाले, आणि घासायचा राहिलेला पाना हातात घेऊन पुन्हा खाली बसले.